त्यांनी न ऐकलेले प्रकरण

न्यायमूर्ती रेजिना तुस्कानो यांना मी पहिल्यांदा भेटायला गेले ती केळ्यांची फणी घेऊन. वकिलीची सनद नुकतीच हातात पडली होती आणि काम कुणी देत नव्हते. मॅडम आमच्याच आळीतल्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या, तेव्हा मुंबईत उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या. माझ्या वडिलांनी वाडीतली केळी पिशवीत घातली आणि म्हणाले, "जा आपल्या रेजिनाकडं. आपलीच पोर हाय ती, नाय म्हननार नाय." मॅडमनी केळी ठेवून घेतली, एक कारकुनाला दिले, एक मला, एक स्वतः खाल्ले, आणि हात पुसून एक फाईल माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत वाच आणि आपली बाजू कुठे लंगडी आहे ते मला सांग. भक्कम काय आहे ते अशिलाने सांगितलंय."

संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने आपली बाजू किती भक्कम आहे हेच सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि फाईल पुन्हा माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी लंगडे पाय शोधून आणले, तेव्हा कुठे मला बसायला खुर्ची मिळाली. त्या न्यायमूर्ती होईपर्यंत मी त्यांच्या कार्यालयात होते, आणि पहिले काही महिने माझी प्रामाणिक समजूत अशी होती की या आपल्याच अशिलांच्या विरुद्ध आहेत. आता त्यांच्या पंच्याहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायला बसले, तर हात सवयीने लंगड्या बाजूकडेच जातो. तरी आधी भक्कम ते लिहिते, कारण ते त्यांचे आहे. लंगडे जे आहे ते आमचे आहे, आणि त्याला पाने जास्त लागणार आहेत.

आमच्या तालुक्यातून उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. हे वाक्य आता गावातले शाळकरी मूलही भाषणात म्हणते. त्या वाक्यामागे काय होते ते भाषणात येत नाही. मॅडमनी वकिलीची सुरुवात वसईच्या कोर्टात केली, तेव्हा तिथे स्त्री वकिलांना बसायला जागा नव्हती आणि स्वच्छतागृहही नव्हते. दुपारच्या सुट्टीत त्या जवळ राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या घरी जात. कोर्टातल्या मंडळींना वाटे, तुस्कानोबाई जेवायला जातात. पुढे त्या न्यायमूर्ती म्हणून त्याच कोर्टाच्या पाहणीला आल्या. दारात आम्ही सगळे ओळीने उभे, कुणाच्या हातात गुच्छ, कुणाच्या हातात शाल. मॅडमनी गुच्छ घेतलाच नाही. म्हणाल्या, "आधी बायकांचं स्वच्छतागृह दाखवा." एव्हाना ते बांधलेले होते, कागदोपत्री चालूही होते. कुलूप उघडले तर आत मोडक्या खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या. खुर्च्या बाहेर निघेपर्यंत मॅडम पोर्चमध्ये उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर आम्ही सगळे, गुच्छासकट. आज वसईच्या कोर्टात ज्या मुली काळा कोट घालून झपझप जिने चढतात त्यांना ही गोष्ट माहीत नाही. माहीत असायची गरज पडू नये, हेच मॅडमचे म्हणणे असे.

दुसरी आठवण चांदीप गावातल्या एका विधवेची. दिराने तिचे नाव जमिनीवरून उडवले होते, आणि खालच्या कोर्टापासून वर येईपर्यंत तिचे केस पांढरे झाले होते. निकाल तिच्या बाजूने लागला, पण तो इंग्रजीत सांगितला गेला आणि ती आपली हात जोडून उभी, चेहरा कोरा. पुढचे प्रकरण पुकारायच्या आत मॅडम मराठीत म्हणाल्या, "मावशी, जमीन तुमचीच राहिली. आता घरी जा. पुढची तारीख नाही." ती बाई म्हणाली, "म्हंजे आता मी कदी येऊ?" मॅडमनी पुन्हा सांगितले, तितक्याच संथपणे, की आता यायचे नाही. मी त्या दिवशी दुसऱ्या कामासाठी कोर्टात होते. पुढची तारीख नाही हे वाक्य ऐकून एवढा आनंद झालेले माणूस मी तोवर पाहिले नव्हते.

मानसन्मान त्यांच्या वाट्याला भरपूर आले. विधी महाविद्यालयांनी बोलावले, संस्थांनी पुरस्कार दिले, चर्चने सत्कार केले. स्मृतिचिन्हे त्यांच्या एव्हरशाईन सिटीतल्या घरात एका कपाटात दाटीवाटीने उभी आहेत. शाली मात्र घरात राहात नाहीत. थंडीत त्यांच्या इमारतीच्या फाटकावर गेलात तर रखवालदार जरीकाठी शाल पांघरून बसलेला दिसेल. विधिक्षेत्रातले सगळे सन्मान आळीपाळीने त्याच्या खांद्यावरून जातात.

इथवरचा मजकूर ग्रंथाचे संपादक लोपीस सर यांना फार आवडला. ते आमच्या गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, मन मोठे, आवाज त्याहून मोठा. मी फोनवर विचारले, "सर, आणि बावखलाचं?" सर म्हणाले, "ते कशाला आता? वाढदिवसाला कुणी एक्स-रे काढून आणतं का?" सरांचे चुकत नव्हते. पण मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी मला एक्स-रेच काढायला शिकवले आहे.

बावखल म्हणजे आमच्याकडचे गोड्या पाण्याचे तळे. आमच्या आळीचे बावखल सामाईक होते, जवळपास प्रत्येक घराचा त्यात हिस्सा. वाडीला पाणी तिथून, पोरांचे पोहणे तिथे. एका बांधकाम कंपनीने काही हिस्से घेतले आणि भराव टाकायची तयारी चालवली, तेव्हा गावाने उच्च न्यायालयात याचिका केली. ती नेमकी मॅडमच्या खंडपीठापुढे लागली. ही बातमी गावात आली त्या दिवशी आळीत पेढे वाटले गेले. आमच्या लोकांची समजूत सरळ होती. गावातला मुलगा फादर झाला की घरच्या लग्नाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तोच करतो, मग गावातली मुलगी जज झाली तर गावची केस तीच बघणार. मी सांगत होते की त्या ऐकणार नाहीत, त्यांना ऐकता येणार नाही. माझे वडील तेव्हा आळीचे कारभारी होते आणि याचिकेवर त्यांचे नाव सर्वांत वर होते. ते म्हणाले, "तू वकील हायस का वैरी हायस?"

बस करून सगळे मुंबईला गेले. पुरुष इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून, बायका रविवारच्या साड्या नेसून, कोर्टाच्या मागच्या बाकांवर दाटून बसले. पुकारा झाला. मॅडमनी फाईल उघडली, एक पान पाहिले आणि मिटली. या पाण्याच्या सात-बाऱ्यावर माझ्या आईचे नाव आहे, हे प्रकरण मी ऐकू शकत नाही, दुसऱ्या खंडपीठापुढे ठेवा, एवढेच त्या इंग्रजीत म्हणाल्या. मागे वळून त्याचे मराठी करायचे काम माझ्याकडे आले. मी ते केले, पण कुणी माझ्याकडे पाहात नव्हते. सगळे न्यायासनाकडे पाहात होते, आणि मॅडम पुढची फाईल उघडत होत्या.

परतीच्या बसमध्ये त्यांच्याबद्दल जे बोलले गेले ते या ग्रंथात छापण्यासारखे नाही. तिला आता गाव नको झाले, हे त्यातले सर्वांत सौम्य. त्यानंतर जे घडले ते मात्र छापायलाच हवे. दुसऱ्या खंडपीठाने भरावाला लगेच स्थगिती दिली. म्हणजे मॅडम बाजूला झाल्यामुळे गावाचे काडीचेही नुकसान झाले नाही. मग कंपनीची माणसे घरोघरी येऊ लागली, चहा पिऊ लागली, आणि वर्ष उलटायच्या आत हिस्सेदारांनी संमतीपत्रांवर सह्या करून याचिका मागे घेतली. पहिली सही माझ्या वडिलांची. मॅडमच्या आई, ब्रिजितमावशी, यांनीच तेवढी सही केली नाही. त्यांच्या वाट्याचा चिंचोळा कोपरा सोडून बाकी तळे बुजले, त्यावर एक मोठे सभागृह उभे राहिले, आणि गाव म्हणू लागले की रेजिनाने बावखल घालवले. सह्या आमच्या, पाणी आमचे, आणि दोष ज्यांनी हात लावायला नकार दिला त्यांचा. मी जन्मभर लोकांचे खोटेनाटे जबाब ऐकले आहेत, पण इतका निर्लज्ज जबाब एका अख्ख्या गावाने एका सुरात दिलेला दुसरा ऐकला नाही. तो सूर माझ्या घरातून लागत होता, हे लिहिताना मला खरोखर मान वर करवत नाही.

मे महिन्यात आमच्या आळीत मरियामातेची मूर्ती घरोघरी फिरते. रोज संध्याकाळी एका घरी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते, उकडलेले चणे वाटतात, आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती शेजारच्या घरी जाते. घर वगळायची पद्धत नाही. भांडण असले तरी मूर्ती येते, भाऊ भावाशी बोलत नसला तरी येते. त्या वर्षी ब्रिजितमावशींची पाळी होती त्या संध्याकाळी मी त्यांना मदत करायला गेले होते. पांढरी चादर अंथरली, टेबलावर मेणबत्त्या लावल्या, चण्यांचे पातेले झाकून ठेवले. गाण्याचा आवाज जवळ आला, दारापाशी आला, आणि न थांबता पुढच्या घराकडे गेला. माझ्या वडिलांनी मूर्ती मावशींच्या दारावरून पुढे नेली होती. मी उठून बाहेर जायला निघाले तर मावशींनी माझा हात धरला. "बस. चने खा. थंड झाले का कडक व्हतात." आम्ही दोघी चणे खात बसलो. शेजारच्या घरातली प्रार्थना भिंतीतून ऐकू येत होती आणि मावशी आपल्या जागेवरून तिच्यातली उत्तरे म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "रेजिनाला सांगू नको. तिला उद्या कोर्टात बसायचंय." त्या रात्री मी घरी वडिलांशी भांडले. पुढच्या मे महिन्यातही मूर्ती त्या दारावरून गेली, आणि मावशी गेल्या त्या वर्षापर्यंत जात राहिली. मयतीला मात्र सगळे गाव आले. मेलेल्या माणसाचा मान राखायला आम्ही कधीच चुकत नाही.

तर यंदा पंच्याहत्तरीचा समारंभ करायचे ठरले. समिती नेमली, मीही तिच्यात आहे. गाड्या लावायला जागा, स्वयंपाकाची सोय, मोठे व्यासपीठ, असे बघत बघत आम्ही सर्वानुमते सभागृह ठरवले. पत्रिका छापून आल्या. मॅडमना पहिली पत्रिका द्यायला मी एव्हरशाईनला गेले आणि लिफ्टमध्ये ती सहज उघडून वाचली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले. बावखलावरच्या त्याच सभागृहाचे नाव होते. आठ-दहा शिकलेली माणसे तासन्तास चर्चा करत बसली होती, आणि ती फरशी कशावर घातली आहे हे एकालाही आठवले नव्हते. मलाही नाही.

मॅडमनी चष्मा लावून पत्रिका वाचली. म्हणाल्या, "चांगला थंड असेल हॉल. खाली पाणी आहे."

मी म्हटले, "मॅडम, जागा बदलतो. आजच बदलतो."

"कशाला? लोकांना सोयीचं आहे ना? मी येईन."

मग मी त्यांना सगळे सांगितले. लेखात बावखलाचे लिहायचे आहे, मूर्तीचे लिहायचे आहे, मावशींनी मॅडमना सांगू नको म्हटले होते तेही. त्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत राहिल्या. "आईने मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात घरी गेले, तर तिने चणे भिजवले नव्हते. तेव्हा कळलं." थोड्या वेळाने माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझे वडील कसे आहेत?"

"आहेत. चालायला काठी लागते. ऐकू नीट येतं."

"त्यांच्याविरुद्ध लिहिते आहेस. त्यांचं ऐकलंस का?"

त्या रागावल्या नव्हत्या. फाईल परत देताना जो आवाज असे तोच आवाज होता. "आधी त्यांना वाचून दाखव. त्यांचं म्हणणं घे. मग छाप, नाही तर छापू नकोस. मला विचारू नकोस, मी यात पक्षकार आहे." ज्या माणसाने त्यांच्या आईच्या दारावरून देवाची मूर्ती पुढे नेली, त्याची बाजू ऐकल्याशिवाय त्याच्याबद्दल एक ओळ छापायची नाही, असे त्या मला सांगत होत्या. त्यांचा मोठेपणा अनेकांनी अनेक शब्दांत सांगितला असेल. माझ्यापाशी एवढाच पुरावा आहे, आणि तो मला लाजेने वाकवणारा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी वडिलांना ओट्यावर बसवून हा लेख वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले होते. मधे मला वाटले झोप लागली. मूर्तीच्या परिच्छेदाशी मी अडखळले, कारण तो मी तेव्हा वेगळा लिहिला होता. सह्यांच्या ठिकाणी 'गावकऱ्यांनी सह्या केल्या' असे होते आणि मूर्तीच्या ठिकाणी 'गावाने मूर्ती पुढे नेली' असे होते. शेवटी बाप आहे, म्हणून.

वाचून झाले. वडील म्हणाले, "ते गाव गाव काय लिवलंस? गावाला काय हात हायत मूर्ती उचलायला?"

मी म्हटले, "मग काय लिहू?"

"मी न्हेली. माझं नाव लिव. सही पन पयली माझीच व्हती, ते बी लिव. मी केली म्हनून बाकीच्यांनी केली." काठीची मूठ ते अंगठ्याने घासत राहिले. "मला ठावं व्हतं तिनं काय वाईट केलं नाय. सही केली त्या दिवसापासनं तिच्या आईच्या तोंडाकडं बगवत नव्हतं मला. त्या घरात जायचं कसं, म्हनून मूर्ती पुढं न्हेली. राग नव्हता, पोरी. लाज व्हती."

माझ्या आईने आणि मी इतकी वर्षे त्यांच्याशी यावरून भांडण केले होते आणि हे कधी विचारले नव्हते. विचारायला मॅडमनी सांगावे लागले. मी त्यांच्यासमोरच दोन्ही वाक्ये खोडली आणि 'माझे वडील' असे लिहिले, जसे वर आहे तसे. मग त्यांनी विचारले, "ती येनार हाय का त्या हॉलात?" मी हो म्हटले. "मंग मला पन न्ये. स्टेजवर नको. खालीच, तिला दिसंल असा बसव."

लोपीस सरांना मी लेख पाठवला आणि कळवले की एक शब्द गाळायचा असेल तर सगळाच गाळा. सरांचा दोन दिवस फोन आला नाही. मग आला. त्यांचा तो मोठा आवाज त्या दिवशी नव्हता. म्हणाले, "आमच्या घरची सही तिसरी होती. तेही लिहा." लिहिले आहे.

न्यायमूर्ती रेजिना तुस्कानो यांना पंच्याहत्तरीनिमित्त दीर्घ आणि निरोगी आयुष्य मिळावे, गुडघे नीट चालावेत, चष्म्याचा नंबर वाढू नये आणि सकाळचे फिरणे सुटू नये, अशी मरियामातेच्या चरणी प्रार्थना. ही प्रार्थना निव्वळ प्रेमाची नाही, आमचा त्यात मोठा स्वार्थ आहे. मॅडम, तुम्ही खूप खूप जगा. आमच्या घराला एवढे बोलायला इतकी वर्षे लागली, आणि आळीत घरे अजून पुष्कळ आहेत.